कूस बदलली आणि घर फिरलं

पहाटे साडेपाचला आईने हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. धावत खोलीत गेले, तर ती पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे गच्च मिटून बसलेली. "अगं, आधी तो पंखा बंद कर."

पंखा बंदच होता. रात्रीच्या पावसात वीज गेली होती ती अजून आलेली नव्हती. मी तसं सांगितल्यावर तिने एक डोळा किलकिला करून वर पाहिलं, लगेच मिटला आणि म्हणाली, "मग घर फिरतंय."

पाऊण मिनिटात सगळं थांबलं. इतकं की ती उठून चहा टाकायला निघाली. दुपारी दांडीवर कपडे वाळत घालायला मान वर केली, पुन्हा तेच. रात्री झोपताना उजव्या कुशीवर वळली, पुन्हा तेच, आणि या वेळी उलटीही झाली.

पुढचे आठ दिवस पुण्यातल्या आमच्या पर्वती पायथ्याच्या घरात जे चाललं, ते बहुतेक मराठी घरांत चालत असावं. शेजारच्या काकूंनी पित्त ठरवलं आणि आमसुलाचं सार पाठवलं. मामाने फोनवरच बीपी कमी झाल्याचं निदान केलं. जवळच्या एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे निघाला, त्यात मणक्यांची झीज दिसली (अडुसष्टाव्या वर्षी ती कुणाच्या मानेत दिसत नाही?), गळ्यात पट्टा आला आणि दिवसातून तीनदा चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आई दिवसभर पेंगायची. कूस बदलली की घर फिरायचं ते फिरायचंच.

नवव्या दिवशी आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, बिछान्यात कूस बदलताना येते का हो?" आई हो म्हणाली. मग त्यांनी तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटकन आडवं केलं. आईने माझा हात असा काही दाबला की बांगडी रुतली. डॉक्टर मात्र शांतपणे तिच्या डोळ्यांत बघत होत्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "उजवा कान." पुढच्या पाच-सात मिनिटांत त्यांनी आईला ठरावीक क्रमाने वळवलं आणि उठवून बसवलं. सुई नाही, गोळी नाही. घरी येताना आई रिक्षात म्हणाली, "एवढंच होतं, तर आठ दिवस मी तो पट्टा का घातला?"

त्या "का"चं उत्तर शोधताना मी बरंच वाचलं आणि त्या डॉक्टरांना पुढच्या दोन भेटींत भरपूर पिडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. मी डॉक्टर नाही, एका पेशंटची मुलगी आहे.

आधी शब्दांचा घोळ

आपण सगळ्याला "चक्कर" म्हणतो. खरं तर मराठीत यासाठी शब्दांची श्रीमंती आहे, आपणच ती वापरत नाही. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. उपाशीपोटी उन्हात उभं राहून शुद्ध हरपेल असं वाटतं ती भोवळ किंवा घेरी. चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही, तो तोल जाणं. आणि आपण किंवा आजूबाजूचं सगळं गोल फिरतंय असं वाटतं, ते गरगरणं. डॉक्टर ज्याला व्हर्टिगो म्हणतात तो हा शेवटचा प्रकार. व्हर्टिगो हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे, ताप असतो तसं. "मला व्हर्टिगो आहे" एवढ्यावर थांबणं म्हणजे "मला ताप आहे" म्हणून थांबण्यासारखंच.

अंधारी आणि भोवळ यांचं मूळ बहुधा रक्तदाब, साखर, रक्ताची कमतरता, हृदय किंवा चालू असलेल्या एखाद्या गोळीत सापडतं. गरगरण्याचं मूळ मात्र पुष्कळदा कानात असतं. म्हणून डॉक्टरांपुढे "चक्कर येते" म्हणून गप्प बसू नका. काय होतं, कशाने सुरू होतं आणि घड्याळ लावून किती वेळ टिकतं, हे तीन सांगा. आईच्या बाबतीत उत्तर होतं: घर फिरतं, कूस बदलली की, आणि एका मिनिटाच्या आत थांबतं. निदान जवळपास या तीन वाक्यांतच होतं. एक्स-रेमध्ये नव्हतं.

गवंडी आणि फुगडी

कानाचं काम ऐकणं, हे आपल्याला शाळेपासून माहीत. पण कानाच्या अगदी आत, कवटीच्या कडक हाडात कोरलेल्या पोकळीत, गोगलगाईच्या शंखासारख्या ऐकण्याच्या भागाला लागूनच दुसरं एक यंत्र बसवलेलं आहे. त्याचा ऐकण्याशी संबंध नाही. डोकं कुठे आहे आणि कुठे चाललंय, हे ते मेंदूला क्षणोक्षणी कळवतं.

या यंत्राचे दोन भाग. पहिला म्हणजे गवंड्याचा ओळंबा. दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात केसांसारख्या पेशींवर मऊ जेलीचा थर, आणि त्या थरावर पेरलेले बारीक स्फटिक. मला ते खरवसावर भुरभुरलेल्या वेलचीपुडीसारखं डोळ्यांपुढे येतं. हे स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. म्हणजे अंड्याचं कवच ज्याचं, जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी मुख्यतः ज्याची, तेच द्रव्य. आकार मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापासून ते फार तर तीन शतांश मिलिमीटरपर्यंत. वजनामुळे ते जमिनीकडे ओढले जातात, जेली किंचित सरकते, आणि खाली कुठे आणि वर कुठे ते मेंदूला कळतं. पीएमपीच्या बसच्या ड्रायव्हरने गचकन ब्रेक मारला की डोळे मिटलेले असूनही आपल्याला कळतं, ते याच स्फटिकांमुळे.

दुसरा भाग तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचा. दहावीच्या पुस्तकातली आकृती आठवत असेल. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी जशा एकमेकींना काटकोनात भेटतात, साधारण तशाच या तीन नळ्या तीन दिशांना असतात. त्यांत पातळ द्रव असतो आणि प्रत्येक नळीच्या एका टोकाला, फुगीर भागात, जेलीचा एक नाजूक पडदा. डोकं वळलं की नळी वळते, पण आतला द्रव जडपणामुळे मागे रेंगाळतो (पाण्याने भरलेला तांब्या गर्रकन फिरवून बघा, आतलं पाणी लगेच फिरत नाही). रेंगाळलेला द्रव पडद्याला ढकलतो, पडदा वाकतो, मेंदूला कळतं की डोकं वळतंय.

हे कळायला फुगडीसारखं दुसरं उदाहरण नाही. मंगळागौरीत दोघी जोरात फुगडी घालतात. थोड्या वेळाने द्रवही नळीबरोबर त्याच वेगाने फिरायला लागतो. मग दोघी थांबतात, पण आतला द्रव थांबत नाही, तो तसाच पुढे वाहत राहतो आणि पडदा उलट्या बाजूला वाकतो. शरीर स्थिर आहे, डोळे सांगतात की भिंत जागेवर आहे, पण कान ओरडून सांगतोय की आपण फिरतोय. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की मेंदू गोंधळतो. तो गोंधळ म्हणजे गरगरणं. मळमळही त्याच भांडणातून येते. कात्रजच्या घाटात गाडीत पुस्तक वाचणाऱ्याला उलटी होते, तिचंही कारण हेच. पित्ताचा त्यात दोष नाही.

आईला फुगडी न घालताच फुगडी झाली होती. प्रश्न एवढाच, की तिच्या कानातला द्रव कोण हलवत होतं?

वाट चुकलेले खडे

ओळंब्यावरचे ते स्फटिक कधीकधी सुटतात. वयाबरोबर जेली झिजते, डोक्याला मार बसतो, माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळून असतो, किंवा कानाचा दुसरा काही आजार होऊन गेलेला असतो. अनेकदा काहीच कारण सापडत नाही. सुटलेले खडे शेजारच्या नळीत शिरतात, आणि बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यांत खालच्या पातळीला आहे. तिथे ते द्रवाच्या तळाशी पडून राहतात. माणूस बसलेला असो की चालत असो, काही त्रास नाही. मात्र तो आडवा होतो, कूस बदलतो, किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे टाकतो, तेव्हा नळीची दिशा बदलते आणि खडे घसरत नव्या तळाकडे निघतात. जाताना द्रवाला ओढून नेतात. पडदा वाकतो. डोकं थांबलेलं असतानाही मेंदूला "फिरतोय, फिरतोय" असा निरोप जातो. खडे तळाला टेकले की निरोप थांबतो.

या एका गोष्टीत या आजाराची सगळी वैशिष्ट्यं उलगडतात. आडवं झाल्यावर दोन-चार सेकंदांनी चक्कर सुरू होते, कारण खडे हलायला तेवढा वेळ लागतो. मिनिटाच्या आत ती संपते, कारण घसरायचा रस्ता छोटा. तीच हालचाल लगोलग पुन्हा केली तर त्रास कमी होतो, कारण खडे विखुरतात. ऐकू येण्यावर काही परिणाम नसतो, कारण ऐकण्याच्या शंखात काही बिघडलेलंच नाही.

याचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे, बिनाइन पॅरॉक्झिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. सगळे त्याला बीपीपीव्ही म्हणतात. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्झिस्मल म्हणजे झटका यावा तसा येणारा, पोझिशनल म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की होणारा. कानामुळे येणाऱ्या चक्करेत हाच सगळ्यांत जास्त आढळतो, पन्नाशीनंतर जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

आता मानेबद्दल, कारण तो पट्टा माझ्या मनातून अजून जात नाही. मान वर केल्यावर चक्कर येते, म्हणून दोष मानेचा, असं वाटणं साहजिक आहे. पण मान वर केली की डोकंही मागे जातं, आणि कान डोक्यात आहे. यातला गुन्हेगार ओळखायची एक युक्ती डॉक्टरांनी सांगितली. बिछान्यात मान अजिबात न वळवता, ओंडका लोळवावा तसं अख्खं शरीर एकदम कुशीवर वळवलं, तरी घर फिरतं का? फिरत असेल तर मानेने काय केलं? ती तर सरळच होती. मणक्यांची झीज आणि बीपीपीव्ही दोन्ही उतारवयात येतात, त्यामुळे एकाच माणसात दोन्ही सापडतात. पण शेजारी राहतात म्हणजे नातेवाईक असतातच असं नाही.

डोळ्यांत दिसतं

डॉक्टर आईच्या डोळ्यांत का बघत होत्या? कानातलं हे यंत्र डोळ्यांच्या स्नायूंशी थेट जोडलेलं आहे. आपण खडबडीत रस्त्यावरून चालत असतानाही समोरच्या दुकानाची पाटी वाचू शकतो, ती या जोडणीमुळे. डोकं हलतं तेवढेच डोळे उलट दिशेने आपोआप फिरतात. कानाने खोटा निरोप पाठवला की डोळेही खोटेच फिरतात, बुबुळं झटके देत एका दिशेला धावतात. त्याला निस्टॅग्मस म्हणतात. झटके कोणत्या दिशेचे, किती सेकंदांनी सुरू झाले, किती वेळ टिकले, यावरून कोणता कान आणि कोणती नळी ते कळतं. काही ठिकाणी कॅमेरा बसवलेला चष्मा घालून हे पडद्यावर बघतात. सोय आहे, पण सरावलेल्या डॉक्टरांना उघड्या डोळ्यांनीही बरंच दिसतं.

आडवं करण्याच्या त्या चाचणीचं नाव डिक्स-हॉलपाइक. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये तिचं वर्णन केलं. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, रॉबर्ट बारानी यांनी डोक्याच्या स्थितीनुसार येणाऱ्या या चक्करेची नोंद केली होती. हे बारानी म्हणजे भलतंच प्रकरण. कान धुताना पाणी गार असलं की पेशंटचे डोळे एका दिशेला धावतात आणि गरम असलं की उलट्या दिशेला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून कानाच्या तोलयंत्राचा अभ्यास उभा राहिला. १९१४ चं नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

उपचार मात्र यायला बराच वेळ लागला. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी विचार केला की खडे नळीत घसरून येत असतील, तर डोकं योग्य क्रमाने वळवून त्यांना घसरवत बाहेरही काढता येईल. १९८० मध्ये त्यांनी हे परिषदेत दाखवलं तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. शोधनिबंध नाकारले गेले. तो छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर पहिला उपचार म्हणून तीच पद्धत वापरतात, आणि एक-दोन बैठकांत बहुतेकांना बरं वाटतं.

उजव्या कानाच्या मागच्या नळीत खडे असतील तर काय करतात, ते सांगते. टेबलावर पाय लांब करून बसवतात, मान उजवीकडे अर्धी वळवतात, म्हणजे ४५ अंश. तशीच ठेवून आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेवरून किंचित खाली. चक्कर येते, ती येऊ द्यायची, थांबल्यावर अजून अर्धा मिनिट तसंच. मग डोकं डावीकडे ९० अंश. पुन्हा थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून हळूच उठून बसायचं. गोट्यांच्या भूलभुलैयाच्या खेळात हातातली डबी तिरकी करत गोटी घरात नेतो, तोच प्रकार. खडे नळीतून परत आपल्या पिशवीत जाऊन पडतात आणि तिथे हळूहळू विरघळतात किंवा निमूट राहतात.

खडे आडव्या नळीत असतील तर पद्धत वेगळी. तिथे माणसाला टप्प्याटप्प्याने पूर्ण गोल लोळवतात. खडकवासल्याला निखाऱ्यावर कणीस फिरवतात, अगदी तसं. इंग्रजीत त्याला बार्बेक्यू रोल असंच म्हणतात, म्हणजे डॉक्टरांनाही खाण्याचंच सुचलं.

हे सगळं मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी घरी करावंसं वाटतं. करू नका. एक तर कान आणि नळी माहीत नसताना केलेली हालचाल वाया जाते, किंवा खडे दुसऱ्याच नळीत शिरतात. दुसरं म्हणजे मानेची शस्त्रक्रिया झालेली असेल, संधिवाताने मानेचे सांधे ढिले झाले असतील, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल किंवा डोळ्याचा पडदा सरकलेला असेल, तर ही पद्धत बदलावी लागते. एकदा निदान झालं, डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी समोर करून दाखवलं, की मग घरी कुणीतरी शेजारी असताना करायला हरकत नसते. खाजगीत जाणं परवडत नसेल तर पुण्यात सरकारी ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. या उपचाराला महागडं यंत्र लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

एक जुना सल्ला अजून ऐकू येतो, की यानंतर दोन रात्री बसून झोपायचं. त्याची गरज नाही असं आता दिसून आलंय. मात्र काही दिवस, कधी एक-दोन आठवडे, डोकं हलकं वाटतं, चालताना गादीवर पाय पडल्यासारखं होतं. आईला पाच दिवस झालं. म्हणजे उपचार फसला असं नाही.

गोळ्यांचं काय

खडे नळीत अडकलेत आणि आपण गोळी खातोय. गोळी खड्याला काय करणार? पहिल्या एक-दोन दिवसांत उलट्या थांबत नसतील तर मळमळ दाबायला औषध लागतं, ते रास्तच आहे. पण बीपीपीव्हीत ही औषधं मूळ बिघाडाला हात लावत नाहीत. उलट प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारखी मेंदूला गुंगवणारी औषधं लांबली तर मेंदूची स्वतःची सावरण्याची ताकद मंदावते. वयस्कर माणसांत ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रासही होऊ शकतो. कितीतरी घरांत चक्करेची गोळी बीपीच्या गोळीशेजारी वर्षानुवर्षं डबीत बसलेली असते. कुणी कधी सुरू केली, हेही आठवत नसतं. ती डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ही अजून लागते का?

ठराविक बीपीपीव्ही असेल तर एमआरआयचीही गरज नसते. खडे इतके बारीक की त्यात ते दिसणारही नाहीत.

सगळं गरगरणं खड्यांचं नसतं

इथे घड्याळ पुन्हा कामाला येतं. चक्कर वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते, सोबत एका कानात दडा बसतो, गुणगुण होते, ऐकू कमी येतं आणि नंतर सुधारतं, तर डॉक्टर मेनिएरच्या आजाराचा विचार करतात. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी पहिल्यांदा सांगितलं की अशा चक्करेचं मूळ मेंदूत नसून कानात असू शकतं. यात आतल्या कानातल्या द्रवाचा फुगवटा होतो. मीठ कमी करायला सांगतात, म्हणजे आपल्याकडे पापड, लोणचं, फरसाण आणि दुर्दैवाने बाकरवडीही. बीटाहिस्टीन हे औषध यासाठी सर्रास देतात. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत ते आणि नुसती साखरेची गोळी यांत झटक्यांच्या संख्येत फरक दिसला नव्हता. काही डॉक्टर तरीही अनुभवावरून देतात. त्रास वाढला तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि पुढचेही उपाय आहेत.

चक्कर दिवसच्या दिवस सलग राहते, पडून राहिलं तरी थांबत नाही, ऐकू नीट येतं, तर तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते, बहुधा विषाणूमुळे. पहिले दोन-तीन दिवस भयानक जातात. पण त्यानंतर आराम हे औषध राहत नाही. एका कानाचा निरोप कमी पडतोय, हे मेंदूला शिकायचं असतं, आणि ते पडून शिकता येत नाही. हळूहळू चालणं, मान वळवत नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ज्यांची मुलं "तू नुसती पडून राहा" म्हणून प्रेमाने बसवून ठेवतात, त्यांना सावरायला जास्त वेळ लागतो.

आणि अर्धशिशी. डोकं न दुखताही अर्धशिशीचा झटका चक्करेच्या रूपात येऊ शकतो, ही मला सर्वांत नवी माहिती होती. झोपेची हेळसांड आणि कडक उपास यांनी तो ओढवतो. पूर्वी अर्धशिशी असलेल्या बाईला चाळिशीत चक्कर सुरू झाली, तर हे डॉक्टरांना नक्की सांगावं.

यापलीकडे एक गोष्ट आहे जिथे थांबायचं नाही. चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली किंवा बधिरपणा आला, गिळता येईना, पूर्वी कधी नव्हतं असं डोकं फुटायला लागलं, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असू शकतो. आमसूल नाही, गोळी नाही, सकाळपर्यंत वाट बघणं नाही. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातला बराच वेळ वाहतुकीतच जातो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही तातडीचं. स्टिरॉइड जितके लवकर सुरू होतील तितका कान वाचायची आशा जास्त.

तोवर घरात

बीपीपीव्हीत खडे जीव घेत नाहीत, पडणं घेऊ शकतं. ओल्या मोरीत, रात्री अंधारात, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढताना. आम्ही आईच्या खोलीत रात्रीचा बारीक दिवा लावला, रोजचे डबे खालच्या फळीवर आणले आणि कपड्यांची दांडी चक्क खाली घेतली. उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर, मग उभं राहायचं. त्रास असेपर्यंत दुचाकी बंद. पुण्यात हे सांगणं म्हणजे पाय काढून ठेवा म्हणण्यासारखं आहे, पण चौकात मान वळवली आणि रस्ता फिरला तर? (हेल्मेटवरून या शहरात इतकी भांडणं झाली आहेत की मी त्यात पडत नाही. फक्त एवढंच, की तरुणांतल्या बीपीपीव्हीचं एक ठळक कारण डोक्याला लागलेला मार हे आहे.) ब्यूटी पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकणं, दंतवैद्याची खुर्ची, सूर्यनमस्कार, देवळातला साष्टांग नमस्कार, या सगळ्यांत तीच हालचाल आहे. काही दिवस टाळलं की झालं, कायमचं सोडायचं कारण नाही. उलट भीतीने मान ताठ धरून वावरणारे लोक मानदुखी ओढवून घेतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांनी आपणहून विचारलं. आईचं तपासलं तर बरंच कमी निघालं. चार मजली इमारतींच्या सावलीत, सकाळी देवपूजा आणि दुपारी मालिका, ऊन मिळणार कुठून? २०२० मध्ये दक्षिण कोरियातून आलेल्या, हजाराच्या आसपास पेशंटच्या एका अभ्यासात, ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते कॅल्शियमबरोबर दिल्यावर चक्कर उलटण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटलेलं दिसलं. पण म्हणून दुकानातून पुड्या आणून दर आठवड्याला दुधातून घेत सुटू नये. ते जास्त झालं तरी अपाय होतो, म्हणून आधी तपासणी, मग मात्रा.

हा आजार उलटतो. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा कधीतरी होतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, म्हणून आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, तारखेसह "उजवा" असं लिहून ठेवलं.

अकरा महिन्यांनी, संक्रांतीच्या आदल्या रात्री, तिला पुन्हा झालं. या वेळी हाक नव्हती. सकाळी उठून आले तर ती ओट्याला टेकून उभी, तिळाचं ताट समोर. "रात्री दोनदा फिरलं. वीस सेकंद आणि पंचवीस सेकंद, मोजले मी. बोलणं नीट आहे, हातपाय नीट आहेत. आमसूल आणू नकोस, तिकडेच जाऊ." दवाखान्यात तिने आडवं होण्याआधीच सांगितलं, "डॉक्टर, उजवा आहे." त्यांनी तरीही दोन्ही बाजू तपासल्या. उजवीकडे काहीच झालं नाही. डावीकडे वळवलं आणि आईने माझा हात पकडला.

घरी आल्यावर तिने नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर लिहिलं: "डावा. दर वेळी तपासून घेणे."